सजातीय ध्रुवांचा तास

कुमुदबाई गेल्याचं मला आप्पांनीच सांगितलं. पांडेसऱ्याच्या मिलमधलं काम सुटल्यापासून माझे वडील सकाळी चहाच्या टपरीवर बसतात, तिथं कुणीतरी बोललं. घरी येऊन म्हणाले, "तुन्या त्या चुंबकवाल्या बाई ग्यात." आणि चप्पल न काढता बराच वेळ दारातच उभे राहिले... आता महिना होत आला. बाईंबद्दल लिहायला बसले की मला त्यांचा दहावीचा एकच तास आठवतो.

गुजराती मुलखातली आमची शाळा मराठी माध्यमाची. बहुतेक मुली खानदेशातल्या. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती. पुस्तकातली मराठी आम्हाला परकीच वाटायची. बाई विज्ञान शिकवत आणि भयंकर चिडक्या होत्या. खडू फेकून मारत, पण नेम कधी लागत नसे, म्हणून आम्ही निर्धास्त! चुंबकाचा धडा सुरू झाला तेव्हा आमच्या घरात मात्र सुतक असल्यासारखी शांतता होती. माझी ताई परजातीतल्या मुलाशी लग्न करून कामरेजला निघून गेली होती. तिचं नाव काढायचं नाही, असा आप्पांचा हुकूम होता. अशा घरात मी मोठमोठ्यानं पाठ करत बसले, "सजातीय ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात, विजातीय ध्रुव एकमेकांकडे ओढले जातात." आप्पांनी ते दारातून ऐकलं. सजातीयचा त्यांना एकच अर्थ ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी ते तडक वर्गात शिरले. "बाई, पोरेसले हाई शिकाडतस तुम्ही? जातवाला दूर आनि परजातवाला जवळ? सकायपाईन मी पोरले शाळात धाडाव नही!" मागोमाग मुख्याध्यापक धावत आले. "बाई, तो धडा सोडून द्या ना," ते हळूच म्हणाले. मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते. आप्पांचं नाही म्हणजे नाहीच, हे मी ताईच्या वेळी पाहिलं होतं. माझं शिकणं आता बाई काय बोलतात त्यावर होतं.

"ही चुंबकाची जात आहे, भाऊ," बाई म्हणाल्या. त्यांनी खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळली, टोकं सेलला जोडली, जवळ होकायंत्र ठेवलं. सुई खिळ्याकडे वळली. मग त्यांनी टोकं उलटी जोडली आणि सुई गर्रकन फिरली. "बघा, खिळा तोच. नुसती तार उलटी जोडली आणि ध्रुव बदलला." आप्पांच्या कपाळावरची शीर ताडताड उडायला लागली. "जात अशी बदलस का?" मला वाटलं, संपलं सगळं!

बाईंनी वाद घातला नाही. दोन पट्टीचुंबक आप्पांच्या हातात दिले. "उत्तर ध्रुवाला उत्तर ध्रुव लावा. जातवाल्याला जातवाला." आप्पांनी लावले. मिलमध्ये ओल्या कापडाचे गठ्ठे उचलणारे हात ते. त्यांनी जोरानं दाबली तशी टोकं भिडली आणि भिडलेलीच राहिली. "देखा, चिकटनात ना!" आप्पा जिंकल्यासारखे म्हणाले. बाई नुसत्या बघत राहिल्या. आप्पांची मनगटं थरथरायला लागली, तरी ते सोडेनात... "सोडा आता, भाऊ," बाई अगदी हळू म्हणाल्या. "किती दिवस धरून ठेवणार?"

पकड ढिली झाली तसा एक चुंबक निसटून फरशीवर पडला. आप्पांनी वाकून तो उचलला, सदऱ्याला पुसला आणि टेबलावर ठेवला. मग मला खुणेनं उठवलं आणि बाहेर पडले. बाईंनी अडवलं नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांना घाबरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

घरी पोचल्यावर मी दप्तर कोपऱ्यात ठेवलं, ते आता धाकट्या बहिणीला मिळणार असं धरूनच. जेवताना मायनं भीत भीत विचारलं, "काय व्हयनं?" आप्पा ताटाकडे बघतच माझ्याकडे बोट करून म्हणाले, "काही नही. सकाय इना शाळाना डबा भर."

सकाळी बाई हजेरी घेत होत्या. माझ्या नावापाशी त्या थांबल्या, ते घेतलं, पण मान वर केली नाही. मी "हजर" म्हटलं... आणि पुढचं नाव घ्यायला त्यांना काही केल्या जमेना.