चहाची तालीम

माझ्या मावशीने आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्यांदा केली नाही. जे करायचं ते ती आधी घरी करून बघायची आणि मगच उंबरठा ओलांडायची. दवाखान्यात जायचं असलं की आदल्या दिवशी मला डॉक्टर करून समोर बसवायची आणि कण्हत कण्हत पोट नेमकं कुठं दुखतं ते सांगायची. मी औषध म्हणून साखरपाणी दिलं की तिला तेवढ्यानेच बरं वाटायचं, आणि दवाखाना राहूनच जायचा. नळावरच्या शेजारणीशी भांडायचं ठरलं की शेजारीण मी. एकदा मी त्या बाईची बाजू इतकी जोरात मांडली की मावशी विचारात पडली. म्हणाली, "हौ व, तिचंबी बरोबरच आहे." दुसऱ्या दिवशी तिला वाटीभर चटणी नेऊन दिली. आपलं भांडण होऊन मिटलंसुद्धा, हे त्या बिचारीला कधी कळलंच नाही. मावसाजी विडी पेटवत म्हणायचे, "एक दिवस ही मरणाचीबी तालीम करून पाहीन."

आम्ही बालाघाटात एकाच मोहल्ल्यात, भिंतीला भिंत लागून राहत होतो. मावशी विड्या वळायची, आणि वळता वळता तिच्या डोक्यात पुढची तालीम शिजत असायची. तिची एकुलती एक मुलगी सुमन मॅट्रिक पास झाली तेव्हा मावशीने सूप बाजूला सारलं आणि जाहीर केलं, "पोरीले नागपूर दाखवून आणतो." झालं! त्या दिवसापासून घराचं नागपूर झालं. दोन पाट म्हणजे बडी लाईनच्या आगगाडीचा डबा. कोपऱ्यातलं मांजर म्हणजे महाराजबागेतला वाघ. त्याला बघून किंचाळायचं नाही, शहरातली लोकं हसतात, असं मावशीने आम्हाला बजावलं. आता आमच्याकडे, तिकडे परसवाड्याच्या जंगलवाटेला, माणसं वाघ दिसू नये म्हणून जीव मुठीत धरून चालतात, आणि ही बाई तिकीट काढून वाघ बघायला निघालेली!

पण सगळ्यात जास्त तालमी झाल्या चहाच्या. चार वाजता हॉटेलात जाऊन टेबलावर बसून चहा प्यायचा, हा त्या सहलीचा कळस होता. पेटीवर चादर टाकून टेबल व्हायचं. सुमन पाहुणी, मी वेटर. मावशी पदर नीट करून, मान ताठ ठेवून बसायची आणि म्हणायची, "भैय्या, चाय लाना. कपबशीत." मी आणायचे. दोघी घोट घोट प्यायच्या. तालीम संपली की मावशी कप उचलून मोरीवर धुवायला न्यायची. घर तिचंच, दुसरं कोण धुणार?

सुमन खळखळून हसायची. मला मात्र हसू यायचं नाही, कारण मी तिच्यापेक्षा बरीच मोठी होते आणि मला आठवत होतं. लांजीजवळच्या आमच्या गावी चहाच्या टपरीवर आमच्या लोकांचे कप बाहेर वळचणीला असायचे. आपला कप आपण काढायचा, पुढे धरायचा, तो वरून चहा ओतायचा. उभ्याने प्यायचा, धुवायचा, परत वळचणीला ठेवायचा. मावशीचं बोट धरून मीही तो चहा प्यायले आहे. पुढे नागपूरला धम्मदीक्षा झाली. तिथून परत आल्यावर मावशीने तो कप वळचणीतून काढून गावाबाहेरच्या पांदणीत भिरकावला आणि बिऱ्हाड उचलून बालाघाटला आली. सुमन त्यानंतरची. तिला यातलं काही सांगायचं नाही, अशी मावशीने मला शपथ घातली होती. "तिले ठाऊकच नसलं पायजे. ठाऊक असलं का माणूस दारातच थबकते."

तर आम्ही निघालो. मला सोबत घेतलं, कारण वेटर मीच होते. कुठं काही चुकलं तर खूण करायची. छोट्या लाईनीने डुलत डुलत गोंदिया, तिथून नागपूर. दीक्षाभूमीच्या मोकळ्या मैदानावर मावशी बराच वेळ हात जोडून उभी राहिली. त्याची तालीम तिने घरी केली नव्हती. महाराजबागेत वाघ झोपलेला होता, तेव्हा किंचाळायचा प्रश्नच आला नाही. मावशी जरा हिरमुसली. मग आम्ही सीताबर्डीवर आलो आणि चार वाजता एका मोठ्या हॉटेलात शिरलो.

वर पंखे फिरत होते, टेबलं गुळगुळीत दगडाची. मावशी मधल्या टेबलाशी जाऊन बसली. मान ताठ. "भैय्या, तीन चाय लाना. कपबशीत."

वेटर म्हणाला, "कपबशीतच देतो बाई. आणखी कशात देऊ?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. इतकं गोड बोलणं तिने जन्मात ऐकलं नसावं. चहा आला. ती बशीत न ओतता, अगदी ठरल्याप्रमाणे, प्यायली. आणि संपल्यावर कपबशी उचलून उठली, आणि मोरी शोधत मागच्या बाजूला चालू लागली.

खूण करावी तर तिची पाठ माझ्याकडे. तेवढ्यात सुमन मोठ्याने हसली. "आई! काहून उठली व? ठेव तो कप. हॉटेलात कोणी आपले कप धुते का?"

दोन-चार टेबलांवरच्या माना वळल्या. मावशी थबकली. मग सावकाश मागे आली, कप टेबलावर ठेवला आणि बसली. मला वाटलं आता ही रडणार. डोळे भरलेही होते, पण चेहरा असा फुलला होता की काय सांगू! माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "हिले खरंच ठाऊक नाही व." आणि लगेच वेटरला हाक मारून आणखी तीन चहा मागवले. ते काही ठरलेलं नव्हतं.

मरणाची तालीम मावशीने केली नाही. झोपेतच गेली. त्यानंतर कधीतरी मी नागपूरला सुमनकडे गेले. ती तिथेच शाळेत शिकवते. चार वाजता आम्ही त्याच हॉटेलात जाऊन बसलो, आणि मी शपथ मोडून तिला वळचणीतल्या कपाची गोष्ट सांगितली.

सुमनने कप जरा बाजूला सारला. "मले ठाऊक होतं, ताई. शाळेतल्या पोरींनी कवाच सांगितलं होतं. घरी ती दर खेपेला कप धुवायले उठे, तवाच मी समजली का ही तिथंबी उठन."

"मग तू हसलीस कशी इतकी?"

"परसात जाऊन हसून पाहत होतो न," ती म्हणाली. "खोटं वाटू नये म्हणून."

वेटर कप उचलायला आला. चहा तसाच होता, साय धरलेला.

"राहू द्या," सुमन म्हणाली, "आम्ही बसलो आहो अजून."