मागच्या सीटवरचं लायसन्स

शाळेच्या मस्टरवर माझ्या नावापुढे लाल शाईची पहिली खूण झाली, तेव्हा मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. घर नारायण पेठेत, शाळा हडपसरला, घंटा सकाळी सात दहाला, आणि मध्ये दोन बस. पहिली वेळेवर आली की दुसरी निघून गेलेली असायची, आणि दुसरी थांबलेली असेल त्या दिवशी पहिलीच यायची नाही. वर्षभरात खुणा इतक्या झाल्या की मार्चमध्ये मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. चष्मा काढून त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही शिकवता चांगलं, त्याबद्दल वाद नाही. पण पहिला तास अर्धा झाल्यावर शिकवता. जूनमध्ये एक जरी लाल खूण झाली, तर तुम्हाला कायम करा असं मला लिहिता येणार नाही."

ती नोकरी मला हवी होती. लग्नानंतर सहा वर्षं मी घरी होते. वर्गात फळ्यापुढे उभी राहिले की मला माझा स्वतःचा आवाज ऐकू यायचा. घरात तो कुकरच्या शिट्टीत जायचा.

त्याच सुमारास ओळखीच्या एका बाईंनी आपली छोटी स्कूटर विकायला काढली. बिनगिअरची, आकाशी रंगाची, उभी केली तरी थोडी कललेली. आमच्या घरात तोवर सायकलीपलीकडे काही आलेलं नव्हतं. हे पहाटे कंपनीच्या बसने पिंपरीला जायचे. ते "घे की" म्हणाले आणि कूस बदलून झोपले. खरा प्रश्न सासऱ्यांचा होता. मामंजींनी उभा जन्म कोर्टात कारकुनी केली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी घरात कोणी काही म्हटलं की ते आधी विचारायचे, "कशावरून?" ते खाली बोळात गेले, स्कूटरला एक प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला.

"कागद पूर्ण झाल्याशिवाय ही गाडी बोळाबाहेर जाणार नाही."

आरसी बुकावर माझं नाव लागेपर्यंत दोन आठवडे गेले. विम्याला आणखी एक. तोपर्यंत मी रोज बोळात स्कूटर पुसत होते, आणि समोरचे दुकानदार विचारत होते, "वहिनी, प्रदर्शनाला ठेवलीय का?" लर्निंग लायसन्ससाठी खुणांची पुस्तिका पाठ करायची होती. मामंजी जेवताना परीक्षा घ्यायचे.

"उलटा लाल त्रिकोण?"

"दुसऱ्याला वाट द्या."

"बरोबर. आमटी वाढ."

लर्निंग लायसन्स मिळालं. मामंजींनी स्वतः लाल रंगाने दोन पुठ्ठ्यांवर इंग्रजी एल काढले आणि पुढे-मागे सुतळीने बांधले. मी चावी उचलली, तर म्हणाले, "थांब. शिकाऊ माणसाने एकट्याने गाडी न्यायची नाही. मागे लायसन्सवाला पाहिजे."

"आणि तो कुठून आणायचा?" माझा आवाज चढलाच. "आपल्या घरात कोणाकडे आहे लायसन्स?"

"माझ्याकडे. कोर्टात असताना एका सहकाऱ्याची स्कूटर चालवायचो मी."

त्यांना सायकलीशिवाय कशावरही बसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते आतल्या खोलीत ट्रंक उघडून बसले. बराच वेळ बसले. बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता नारायण पेठेने एक दृश्य पाहिलं. सून पुढे, डोक्यावर हेल्मेट, पदर चार पिनांनी जखडलेला, आणि मागे धोतर-कोट-टोपीतले सासरे, हातात छत्री. हेल्मेट त्यांनीच आणलं होतं. पुण्यात हेल्मेटं कमी आणि हेल्मेटाविरुद्धची मतं जास्त, हे तेव्हाही खरं होतं. दूधवाल्यापाशी उभे असलेले शेजारचे काका म्हणाले, "अहो, आजोबांना पत्ता लिहून दिलाय ना खिशात?" मामंजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वळण आलं की ते छत्रीची मूठ माझ्या खांद्यावर टेकवायचे आणि म्हणायचे, "हात!" मग मी उजवा हात बाहेर काढायचा. रस्त्यावर एक कुत्रंसुद्धा नसलं तरी काढायचा.

"दाखवायचा कोणाला?" मी एकदा चिडून विचारलं.

"तो रस्त्याला दाखवायचा असतो."

मे महिन्यातल्या रविवारी आम्ही हडपसरपर्यंत जाऊन यायला लागलो. सोलापूर रस्त्यावर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे आणि स्कूटर त्यांच्या वाऱ्याने हलायची. पहिल्या रविवारी माझे तळहात इतके घामेजले की मी मध्येच थांबून ते पदराला पुसले. पण मला हळूहळू कळत गेलं. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं, डिकीत वह्या खाली आणि डबा वर कसा बसतो, कुठे खड्डा आहे. शाळेजवळ टोपलीत मेथी घेऊन बसणारी एक बाई होती. ती आम्हाला पाहून ओरडायची, "बाबाऽ, धरून बसा! फुडं लय मोठा खड्डा हाय!" मामंजी तिला छत्रीने नमस्कार करायचे. घर ते शाळा पस्तीस मिनिटं. मी घड्याळ पाहिलं आणि मला भर रस्त्यात गाणं म्हणावंसं वाटलं.

पक्क्या लायसन्सची परीक्षा एका शुक्रवारी होती. शाळा त्यानंतरच्या सोमवारी उघडणार होती. मैदानावर चुन्याने मोठा आठचा आकडा आखलेला होता. पाय न टेकता त्यावरून जायचं. इन्स्पेक्टर कडेला झाडाखाली टेबल टाकून बसले होते. मी निम्मा आकडा छान पार केला. हात दाखवला, वळले, आणि तेवढ्यात फाटकातून एक हवालदार आत आला. तो त्याच्या कामाला आला होता. माझ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

मी ब्रेक लावला, खाली उतरले आणि स्कूटर हाताने ढकलत त्याच्या समोरून चालत गेले.

हे का झालं, ते ज्यांनी त्या काळात पुण्यात सायकल चालवली आहे त्यांना सांगायला नको. संध्याकाळी सायकलीला दिवा नसेल तर पोलीस पकडायचे. दिवा कोणाच्याच सायकलीला नसायचा. मग चौकात खाकी कपडे दिसले की सगळं पुणं एकदम सायकलीवरून उतरायचं आणि चालायला लागायचं. प्राध्यापक, कारकून, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे सायकल हातात धरून असे चालायचे की जणू ती चालवायची असते हे त्यांना ठाऊकच नाही. चौक ओलांडला की पुन्हा टांग. मी बाराव्या वर्षापासून हेच करत आले होते. पायांनी मला विचारलंच नाही. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं आणि मी पूर्ण निर्दोष होते.

इन्स्पेक्टरांनी मान वर केली. "बाई, गाडी फिरायला आणलीत का?" मग कागदावर काट मारली. "पुढच्या शुक्रवारी दुपारी या."

सोमवार ते शुक्रवार, पाच सकाळी. मी घरी येऊन भांडी आदळली. रात्री जेवताना मी जाहीर केलं की सोमवारी मी एकटी जाणार. "पाच दिवसांनी काय आकाश कोसळणार आहे? मला गाडी येते. रस्ता येतो. माझी नोकरी जाईल त्याचं काय?"

मामंजींनी ताक संपवलं. "नोकरी जाणार नाही. कायदा तू पाळायचा. मागे बसायचं काम माझं."

"आणि परत कसे याल?"

"बसने. मला कुठे मस्टर आहे?"

सोमवारी सहा वाजता ते कोट घालून दारात उभे होते. सहा पस्तीसला आम्ही शाळेच्या फाटकात. मी मस्टरवर निळ्या शाईने सही केली. खिडकीतून पाहिलं तर ते मेथीवालीच्या शेजारी बसची वाट बघत उभे होते. पाचही दिवस असंच. बुधवारी मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "ते रोज सोडायला येतात ते कोण?" मी म्हटलं, "सासरे. सोडायला मी त्यांना आणते." त्यांना काही कळलं नाही, आणि समजावून सांगण्याइतका वेळ माझ्याकडे नव्हता. तास सुरू व्हायचा होता.

शुक्रवारी दुपारी मी पुन्हा मैदानावर गेले. मामंजी झाडाखाली उभे राहिले. त्या दिवशी तर दोन हवालदार होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, दात आवळले आणि आठ पूर्ण केला. इन्स्पेक्टर म्हणाले, "आज चालायचा मूड नाही वाटतं," आणि सही केली.

मला ओरडावंसं वाटत होतं. स्कूटरपाशी आले आणि सगळ्यांत आधी तो लाल एल ओढून काढायला लागले. मामंजींनी माझा हात धरला.

"राहू दे. टाकू नकोस."

"आता कशाला पाहिजे तो?"

त्यांनी तो पुठ्ठा सोडवून काखेत धरला. मी शिक्का घ्यायला खिडकीवर गेले, परत आले, तर मामंजी जागेवर नव्हते. ते पलीकडच्या रांगेत उभे होते. लर्निंग लायसन्सच्या. हातात अर्ज, डॉक्टरचा दाखला, फोटो, सगळं पिनेने व्यवस्थित टाचलेलं, आणि वर एक जुनं, कडा झिजलेलं लायसन्स. मी ते घेऊन वाचलं. त्याची मुदत ते निवृत्त झाले त्याच वर्षी संपली होती.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"ट्रंक उघडली त्या दिवशी. इतकी वर्षं झाल्यावर नुसतं नूतनीकरण होत नाही. पहिल्यापासून सगळं."

मला त्यांचा राग आला, अगदी खरा राग. माझ्या विम्यासाठी या माणसाने मला आठवडाभर बोळात बसवलं होतं! "म्हणजे इतके दिवस आपण दोघंही... आणि तुम्ही बोललाही नाहीत!"

"तू लायसन्स दाखवायला सांगितलं नाहीस. साक्षीदाराने विचारलं तेवढंच सांगायचं असतं." मग त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि खाली बघत म्हणाले, "सूनबाई, सांगितलं असतं तर तू त्या ट्रकांमधून एकटी गेली असतीस. आणि अडवलं असतं, तर नोकरी गेली असती. ते मला चाललं नसतं. म्हटलं, पकडलं तर दोघांना पकडतील."

रांग पुढे सरकली. मी त्यांच्याबरोबर सरकले. लग्नानंतर इतक्या वर्षांत मला कधी वाटलं नव्हतं की हा माणूस माझ्यासाठी घाबरतो. तिथे उन्हात, त्यांचा अर्ज हातात धरून, मला ते लख्ख कळलं. मला रडू आलं, आणि रांगेतले लोक समजले की मी नापास झाले.

जूनच्या मस्टरवर माझ्या नावापुढे एकही लाल खूण नव्हती. मला कायम केल्याचं पत्र जुलैत आलं. ते मामंजींनी तीन वेळा वाचलं आणि त्यात शुद्धलेखनाची एक चूक काढली.

त्यांचं लर्निंग लायसन्स आलं त्या रविवारी आम्ही पहाटे निघालो. एल तोच, सुतळी नवी. ते पुढे बसले, माझं हेल्मेट त्यांना घट्ट झालं. मी मागे, पर्समध्ये माझं कोरं करकरीत लायसन्स, हातात छत्री. बोळातून बाहेर पडताना शेजारचे काका काहीतरी म्हणाले, पण आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. लक्ष्मी रस्त्याच्या चौकात एक हवालदार उभा होता. स्कूटर मंदावली. मामंजींचा डावा पाय खाली येऊ लागला. तो पाय मी चांगला ओळखत होते.

"मामंजी," मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "उतरू नका. आपले कागद पूर्ण आहेत."

त्यांनी पाय वर घेतला. मी काही सांगायच्या आत त्यांनी उजवा हात बाहेर काढला, आणि आम्ही हवालदारासमोरून वळलो.