नवव्या खांबावरचे पाहुणे

कीड कार्यालयात त्याला सगळे पतंगमास्तर म्हणत. तीस वर्षं एकच काम: दर सोमवारी डोंगराच्या रस्त्याने वर जायचं, नऊ खांबांवर टांगलेले सापळे उघडायचे आणि मक्यावरच्या लष्करी अळीचे किती पतंग अडकले ते मोजायचं. सातव्या खांबापर्यंत आकडे. आठव्या-नवव्यावर शून्य. वरच्या थंडीत ही अळी जगत नाही असं भिंतीवरचा नकाशा सांगत होता, आणि नकाशाशी हुज्जत कोण घालणार?

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने नवव्या खांबावर एक पतंग नोंदवला होता. तो त्याच्याच पिशवीतून वर गेलेला निघाला. साहेबांनी भर बैठकीत त्याची अशी काही खिल्ली उडवली की पठ्ठ्याने कायमचा धडा घेतला. तेव्हापासून सातव्याच्या वर सापडलेला पतंग म्हणजे ‘पाहुणा’. वाऱ्याने आला असेल, गाडीतून आला असेल. वहीत घ्यायचा नाही. पुढे सगळं कार्यालयच तसं करू लागलं.

तीन वर्षांपूर्वी नवव्यावर एक पाहुणा आला. पुढच्या वर्षी चार आणि त्यानंतर अकरा. मास्तरने तिन्ही वर्षं शून्यच लिहिलं. एवढे पाहुणे एका घरी येतात आणि मुक्काम करत नाहीत, हे त्याला खरं वाटत होतं की वाटून घ्यायचं होतं, देव जाणे.

नवव्या खांबाच्याही वर त्याच्या धाकट्या बहिणीचा मका होता. घरचं वर्षाचं पीठ त्यातलं, दोन गायींचा चारा त्यातलाच. यंदा मका गुडघाभर झाला आणि तिचा फोन आला.

“दादा, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखं काहीतरी दिसतंय. शेजारचे म्हणतात, फवार.”

“अगं, उगाच विष कशाला मारतेस? वर ती अळी टिकत नाही. रात्रीच्या गारठ्याने मरेल.”

“गारठा कुठाय, दादा? दोन वर्षं झाली, जाड पांघरूण पेटीतून काढलेलं नाही. हिवाळ्यात बादलीवर बर्फ धरायचा, तोही धरत नाही.”

“तीस वर्षं हेच करतोय मी,” तो हसून म्हणाला.

तिने फवारलं नाही. भाऊ त्यातला जाणकार, यावर तिचा भरवसा होता. गावभर सांगायची ती.

तीन आठवड्यांनी सोमवारच्या फेरीत मास्तर नवव्या खांबाच्याही वर, बहिणीकडे गेला. शेतात पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. त्याने एका ताटाचा पोंगा, मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, उकलला. आत अळी होती, शेपटाकडे चार काळे ठिपके, चौकोनात. ओळखायला चष्माही लागला नाही. दुसरा उकलला, तिसरा उकलला. मग त्याचे हात थांबले. लोकांना शहाणपण वाटत फिरला आणि सख्ख्या बहिणीचं शेत स्वतःच्या तोंडाने बुडवलं. त्याला स्वतःची शिसारी आली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खाली येऊन त्याने नववा सापळा उघडला. एक्केचाळीस. वहीत एक्केचाळीस लिहिलं आणि कार्यालयात फोन केला.

“नऊवर? पाहुणे असतील हो मास्तर,” पलीकडचा कारकून म्हणाला. “शून्य करून टाका. तुम्हीच तर शिकवलंत.”

“नको. राहू दे,” तो म्हणाला.

तो पुन्हा बहिणीकडे गेला. ती बांधावर बसून गायींसाठी मक्याची त्यातल्या त्यात बरी ताटं निवडत होती. तेवढ्यात वरच्या शेतातली म्हातारी आली. तिच्या मक्यातही भुसा दिसू लागला होता.

“बरं झालं, तुझा भाऊ आलाय,” म्हातारी म्हणाली. “त्यालाच विचारते, फवारू का?”

मास्तरने तोंड उघडलं. बहिणीने मान वर केली नाही.

“आजच फवारा, मावशी,” ती म्हणाली. “कुणाला विचारत बसू नका.”