ओंबिलीचा मूळ फोटो

"श्वास धर गो बाय," असं किडीला सांगून काका आधी स्वतःचाच श्वास धरायचे. डावा डोळा मिटलेला, ओठ आत ओढलेले, मानेची शीर टरारलेली. समोरच्या पानावर तांदळाच्या दाण्याएवढी एखादी कीड आणि तिच्यापासून दोन-तीन बोटांवर कॅमेऱ्याची उलटी लावलेली लेन्स. क्लिक झालं की ते असा श्वास सोडायचे की खालच्या पायवाटेवरून जाणारा माणूस वर बघायचा.

रत्नागिरीत बस स्टँडमागच्या गल्लीत तुम्ही कधी आला असाल, तर माझा फोटो स्टुडिओ तुमच्या नजरेस पडला असेल. वडलांनंतर मीच तो चालवते. त्याला लागून शेतीऔषधांचं दुकान आहे. मी ज्यांना काका म्हणायचे ते त्या दुकानात काउंटरवर होते. बागायतदार प्लास्टिकच्या पिशवीतून पानं, मोहोर घेऊन यायचे आणि काका पिशवीत जवळजवळ डोकं घालायचे. "हा तुडतुडा नव्हे. चार दिवस थांबा, आपोआप जाईल. औषध नको," असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारा सेल्समन मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मालक कपाळाला हात लावायचा. पण तेच गिऱ्हाईक पुढच्या हंगामात काकांनाच शोधत यायचं, म्हणून गप्प बसायचा.

किड्यांचे फोटो काढायचं वेड त्यांना पन्नाशीनंतर लागलं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ज्यांना मारायचं औषध मी देतो, त्यांचं तोंड तरी बघायला नको?"

माझ्याकडे एक जुना कॅमेरा पडून होता. लेन्स उलटी लावली की बारीक वस्तू मोठी दिसते, त्यासाठीची रिंग मी मागवून दिली. फ्लॅशचा उजेड मऊ पडावा म्हणून त्यांनी औषधाचा रिकामा पांढरा डबा धुऊन, कापून त्यावर बसवला. दर रविवारी सकाळी ते एका ओळखीच्या बागायतदाराच्या आंब्याच्या कलमांत जायचे. कधी कधी मीही जायचे. हललेले फोटो ते तिथेच पुसून टाकायचे. "वाईट फोटो ठेवला तर त्या किड्याची बदनामी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आंब्यावर तांबडी, मोठी, कडकडून चावणारी मुंगी असते. आमच्याकडे तिला ओंबील म्हणतात. आंबे काढणाऱ्या माणसाला विचारा, तो शिवी देऊनच तिचं नाव घेईल. ही ओंबील पानं शिवून घरटं करते. आपल्याच अळीला तोंडात धरते आणि तिच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने दोन पानांच्या कडा सांधते. काकांना नेमका तोच क्षण हवा होता. अकरा रविवार ते त्या फांदीखाली उभे राहिले. मान सुजली, हातांवर चाव्यांच्या गांधी उठल्या. बाराव्या रविवारी ते बागेतून थेट माझ्या दारात आले. चपला उलट्यासुलट्या घातलेल्या.

"मिळालं गो!"

मी फोटो स्क्रीनवर उघडला. ओंबिलीच्या तोंडात दुधासारखी पांढरी अळी, अळीच्या तोंडातून निघालेला धागा आणि त्या धाग्यावर सकाळचं ऊन.

"बाईमाणूस बाळ कडेवर घेऊन शिवण करतं तसं आहे नाही?" काका म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

फोटो नेटवर टाकायचा आग्रह माझाच. कीटकांच्या फोटोंचा एक मोठा ग्रुप होता. त्यात त्यांचं नाव घातलं. चोरी कशी टाळायची तेही मीच समजावलं. मोठी फाइल कधी टाकायची नाही, लहान करून टाकायची. कोपऱ्यात नाव घालायचं. मूळ फाइल जपून ठेवायची, कारण भांडण झालं तर तोच पुरावा. ते शाळकरी पोरासारखी मान हलवत होते. बाहेर लग्नाच्या अल्बमसाठी दोन घरांची माणसं ताटकळत होती. मी घाईघाईने फोटो लहान केला, नाव घातलं, ग्रुपवर टाकला. कॅमेऱ्याचं कार्ड नेहमीप्रमाणे रिकामं करून त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवसापासून काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं लिहीत होती. ते काउंटरवरूनच ओरडायचे, "आज ब्राझीलवाल्याने हात जोडलेन!" घरी काकू प्रत्येक प्रतिक्रिया मोठ्याने वाचून दाखवायच्या. इंग्रजी अडलं की दोघं मिळून अंदाज करायचे.

महिनाभराने तोच फोटो लाखो लोक बघतात अशा नेटवरच्या एका पेजवर दिसला. कोपरा कापलेला होता आणि खाली दुसऱ्याच कोणाचं तरी नाव. आम्ही तक्रार केली, तिला उत्तर आलं नाही. उलट काकांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'हा फोटो तर अमक्यांचा आहे. या गृहस्थांनी चोरलाय.' बघता बघता तीस-चाळीस जण तुटून पडले. ज्यांनी हात जोडले होते, तेही त्यांत होते. ग्रुप चालवणाऱ्यांनी सभ्यपणे विचारलं, 'मूळ फाइल दाखवाल का?'

काका हसत माझ्याकडे आले. "दाखव गो त्यांना. तू म्हणाली होतीस ना, तोच पुरावा."

मी फोल्डर उघडला. मूळ फोटो नव्हता. होता तो लहान केलेला, कोपऱ्यात नाव असलेला. त्या दिवशी घाईत मी वेगळी प्रत केलीच नव्हती. मूळ फोटोच लहान करून त्याच नावाने सेव्ह केला होता, मोठ्यावर लहान. कार्डही मीच पुसलं होतं.

काका पाठीशी उभे होते. मी म्हणाले, "काका, कॉम्प्युटर बिघडला होता मध्ये. त्यात गेला असणार."

"गेला?"

"हो."

ते स्क्रीनजवळ वाकले. मग माझ्याच खांद्यावर थोपटून म्हणाले, "मशीन आहे. मशीनवर राग धरू नये."

त्यांना ग्रुपमधून काढलं. काढताना 'चोरी खपवून घेतली जाणार नाही' असं लिहिलं होतं. काकूंनी ते वाचलं, पण त्या दिवशी मोठ्याने नाही.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर दुकानात एका औषधकंपनीची पोस्टरं आली. काका गुंडाळी सोडत होते आणि मी चहा घेऊन दारात उभी होते. पोस्टरवर त्यांचीच ओंबील होती, ताणून ताणून धूसर झालेली, अंगावर लाल फुली मारलेली. खाली लिहिलं होतं, 'किडीचा समूळ नाश'.

मला वाटलं, आता हे पोस्टर फाडतील. त्यांनी ते नीट भिंतीला लावलं. चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. मग जाड पेन घेऊन खाली लिहिलं, 'ही कीड नव्हे. ही झाडाची राखण करते.' स्वतःचं नाव लिहिलं नाही. मालकाने दोन दिवस ते सोसलं आणि तिसऱ्या दिवशी काढून टाकलं.

"निदान विचारायचं तरी होतंनी," पोस्टर लावलं त्याच दिवशी काका मला म्हणाले. "मोठा फोटो दिला असता. किती खराब छापलाय. पण देणार कुठला, तो मशीनने खाल्लान."

चहाचा कप खाली ठेवून मी सगळं सांगितलं. घाई, सेव्ह आणि खोटं.

त्यांनी जाड पेनाला टोपण लावलं. मग हळूच म्हणाले, "चूक झाली, त्याचं काय नाय. पण मला लोकांनी चोर म्हटलंनी तेव्हा तरी सांगायचं होतंस. मी घरी तुझ्या काकूची समजूत घालत होतो, की पोरीचं मशीन बिचारीचं जुनं आहे."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कॅमेरा होता, रिंगसकट, पुसून स्वच्छ केलेला. त्यानंतर ते माझ्या दारावरून जायचे, पण आत येत नसत. समोरासमोर आलो तर "बरी आहेस ना?" एवढं विचारायचे. त्यांच्या आवाजात राग नसायचा. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

गणपती झाल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. महिनाभर मला जायचं धाडस झालं नाही. शेवटी एका सकाळी गेले. ते घरापुढच्या खळ्यात खुर्चीवर बसले होते. डावा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. काकू "ये" म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. काकांनी उजव्या हाताने कढीलिंबाकडे बोट केलं. पानावर एक हिरवी अळी होती.

"काढ," ते म्हणाले. शब्द जड येत होता.

मी गुडघ्यांवर बसून मोबाइलने फोटो काढला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी मान हलवली. "लांब." पुन्हा काढला. "हललाय." सहाव्या की सातव्या वेळी त्यांनी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि होकारार्थी मान डोलावली. अळीच्या अंगावरची बारीक नक्षीसुद्धा त्यात दिसत होती.

"तुमचं नाव घालते काका कोपऱ्यात," मी म्हणाले. मला काहीतरी परत करायचं होतं.

"नको. तू काढलंस. तुझं घाल." त्यांनी दम घेतला. मग माझ्याकडे रोखून बघत एकेक शब्द जुळवून म्हणाले, "आणि मूळ... जपून ठेव."

एवढं बोलून ते हसले. अर्धाच चेहरा हसला.

दिवाळीच्या आधी चार दिवस ते गेले. त्यांच्या मागे मी त्या ग्रुपवर सगळी हकिगत लिहिली, माझी चूक माझ्या नावासकट. कोणीतरी 'वाचून वाईट वाटलं' असं लिहिलं. त्याखाली लगेच दुसऱ्या कोणाच्या तरी फुलपाखराचा फोटो आला आणि सगळे तिकडे वळले. मी लिहिलेलं मोबाइलवर उघडून काकूंना नेऊन दाखवलं. त्यांनी ते पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. मोठ्याने, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून.