राघोकाकाची जिलबी आणि अडकलेला पाइप

डोंबिवलीच्या त्या क्लासात शकू भोईरला सगळे टायपिंगवाली बाई म्हणत, आणि तेच तिच्या डोक्यात जायचं. क्लास म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. एकीत टाइपरायटरांचा खडखडाट, दुसरीत कुलूपबंद एक कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेले दोन टर्मिनल. किल्ली मालकांच्या, म्हणजे महिपत सरांच्या खिशात. एक्क्याण्णव साली युनिक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीची, बॅच काढायचं ठरलं, तेव्हा शकूने जाडजूड मॅन्युअल पाठ करून ती बॅच मागितली. सर म्हणाले, "शनिवारी मुलांसमोर पाइपचा प्रोग्राम चालवून दाखव. नाही चालला तर ठाण्याहून माणूस आणतो. तू आपलं टायपिंग बघ."

प्रोग्राम तसा साधाच. फाइल उघडायला सांगितली की युनिक्स एक नंबर देतं, पुढचं वाचणं-लिहिणं त्या नंबरावर. पाइप म्हणजे एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे मजकूर नेणारी नळी; तिला असे दोन नंबर मिळतात, एक लिहायच्या टोकाचा, एक वाचायच्या. मग प्रोग्राम स्वतःची दुसरी प्रत काढतो. ती प्रत फाइलमधली मुलांची नावं पाइपमध्ये ओतते, मूळ प्रोग्राम ती वाचतो आणि नावं संपली की अक्षरवार लावून पडद्यावर दाखवतो. शकूचा प्रोग्राम नावं वाचायचा आणि ढिम्म बसून राहायचा. तीन दिवस तो लुकलुकता कर्सर बघून ती रडकुंडीला आली. सरांनी वायर हलवली, मशीनच्या पाठीवर थापट मारली आणि खापर शकूच्या बोटांवर फोडलं.

गुरुवारी बाळकुमला चुलतबहिणीचा साखरपुडा होता. शकू तोंड पाडूनच गेली. त्यांच्या घरात शेवटचं पान रिकामं झाल्याशिवाय पंगत उठत नाही, आणि उठायचा हुकूम राघोकाकाचा. सगळ्यांची जेवणं उरकली तरी हुकूम येईना. राघोकाका डोळे वटारून एकेक पान न्याहाळत होता. "कोन रायलाय रं? दुसरी पंगत उभी हाय."

शेवटी गोदाकाकू म्हणाली, "तुमचे पानावरची जिलबी कोन खानार?"

हसता हसता शकूला ठसका लागला, आणि ठसक्यातच तिची ट्यूब पेटली. प्रोग्रामची प्रत निघाली की पाइपच्या दोन्ही टोकांच्याही प्रती निघतात. म्हणजे लिहायचं टोक मूळ प्रोग्रामच्या हातातही होतं. तो लिहिणार काहीच नव्हता, पण टोक सोडतही नव्हता. आणि लिहायचं टोक एकाच्याही हातात असेल तोवर युनिक्स वाचणाऱ्याला 'संपलं' म्हणून सांगत नाही. राघोकाकासारखे प्रोग्रामबाबाजीही स्वतःचीच वाट बघत बसले होते.

शुक्रवारी तिने मूळ प्रोग्रामकडचं ते टोक बंद करणारी एक ओळ घातली. नावं झरझर आली. मग तिने ती ओळ पुसून टाकली, कारण बोटांवरचे सरांचे शेरे ती विसरली नव्हती.

शनिवारी वीस मुलांसमोर प्रोग्राम अडकला आणि सरांचा चेहरा खुलला. शकूने साखरपुड्याचे पेढे काढून प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला, सरांच्याही. "सगळ्यांचे हात रिकामे झाले की दुरुस्त करते. एकाचाही पेढा राहिला तर नाही."

मुलांनी पेढे गट्टम केले. सरांना डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. ते पेढा धरून उभे. बराच वेळ झाला तसे ते वैतागले. "आता कोणासाठी खोळंबलीयेस?"

"सर, तुमच्या हातात आहे ना," पहिल्या बाकावरची कांता म्हणाली.

"मी कुठे खाणार आहे?"

"खायचा नसेल तर सोडा, सर," शकू म्हणाली. "प्रोग्रामचंही हेच दुखणं आहे."

सरांनी पेढा कांताला दिला. शकूने ती एक ओळ पुन्हा घातली, आणि वीसच्या वीस नावं पडद्यावर आली. मुलांनी बाकं बडवली. खरं सांगायचं तर शकूचे डोळे भरून आले होते.

सर खाकरले. "सोमवारपासून बॅच तुझी. किल्ली मात्र माझ्याकडेच राहील. लागली की मागत जा."

शकूने हात पुढे केला. तास संपला होता, खाली गिरणीही थांबली होती. वीस मुलं सरांकडे बघत बसून राहिली. एकही उठेना.

मग सरांनी खिशात हात घातला.