ताईंचं व्हायोलिन

हे मी कुणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ — आणि ऐकल्यावर ओळख वाढवावी असं तुम्हाला वाटणारही नाही.

कमलताई माझ्या मोठ्या नणंद. लग्न केलं नाही. आसेगावला अंगणवाडी सांभाळायच्या आणि व्हायोलिन वाजवायच्या. मला त्याची चीड यायची. भजनात पेटी-तबला समजू शकते, पण ही बाई मांडी घालून, व्हायोलिन छातीशी टेकवून, डोळे मिटून बसणार, आणि आख्खं गाव गप्प होणार — कशासाठी? चांगलं वाजवत होत्या की वाईट, मला कळत नव्हतं. तुच्छ मानायला कळावं कुठे लागतं?

काही वर्षांपूर्वी कारंज्याच्या एका सभागृहात त्यांना एकट्यांना वाजवायला बोलावलं. गावाबाहेरून आलेलं पहिलंच आमंत्रण. त्या दिवशी दुपारी त्या आमच्याकडे उतरल्या. येष्टीत उभ्यानं आल्या होत्या, व्हायोलिनची पेटी कडेवर लेकरू घ्यावं तशी धरून. जेवल्या, आणि न्हाणीघरात गेल्या.

मी पेटी उघडली. का? — त्यांची नक्कल करायला. कपाटाच्या आरशापुढे उभी राहिले, डोळे मिटले, तोंड वेडंवाकडं केलं, मान डोलवली. कुणी बघणारंही नव्हतं. स्वतःलाच हसवायला एवढा खटाटोप! हसता हसता व्हायोलिन हातातून निसटलं आणि लोखंडी पलंगाच्या कोपऱ्यावर आपटलं. त्याची मान, म्हणजे तारा ताणलेली लांब दांडी, बुडाशी तुटली.

तेव्हा बोलता आलं असतं. न्हाणीघरात अजून पाणी वाजत होतं. मी तुटकी दांडी जागेवर बसवली, पेटी बंद केली, आणि चहा टाकला.

ताईंनी पेटी उघडली ती थेट मंचावर. तारा सैल लोंबत होत्या. त्यांनी उचलायला हात घातला तर दांडी वेगळीच हातात आली. समोर माणसं बसलेली. कुणीतरी मोबाइल उंच धरून चित्रण करत होतं. ताई खाली आल्या, माझ्याजवळ बसल्या.

"येष्टीत दाबलं गेलं वाटते," त्या म्हणाल्या. "माह्याच हातानं झालं, शोभा."

आणि मी काय म्हणाले? गप्प बसले असते तरी थोडी लाज राखली असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "तुमाले इतकी गर्दी दिसत नव्हती काय, ताई? दुसऱ्या गाडीनं काहून नाई आल्या?"

त्यांनी मान हलवली. माझं त्यांना पटलं होतं.

पुढचं तर आणखी किळसवाणं आहे. व्हायोलिन मी स्वतः अमरावतीला नेलं. वाद्यं दुरुस्त करणाऱ्यानं दांडी सरसानं चिकटवून दिली. आसेगावला जाऊन मी ते ताईंच्या हातात ठेवलं तेव्हा त्या रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला — तोच हात.

त्यांनी थोडं वाजवून पाहिलं. आवाज पहिल्यासारखा येत नाही म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "माहाच हात बिघडला असंन." पुन्हा बोलावणं आलं तेव्हा त्यांनी नकार दिला. हळूहळू भजनातही वाजवणं सोडलं. गावातल्या बाया विचारत, ताई सांगत, "मले सांभाळता येत नाई."

मागच्या महिन्यात कामरगावला पुतणीचं लग्न होतं. पंगतीत ताईंनी नव्या व्याह्यांना माझी ओळख करून दिली. "हे माही भावजय. माहं व्हायोलिन तुटलं तवा हिनंच नीट करून आणलं. सख्खी बहीण नाई करत इतकं."

सगळे माझ्याकडे कौतुकानं बघू लागले. मी मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला, आणि मी तो तसाच वाटू दिला.