खोलीत सुनीता एकटीच होती

मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची यादी, सिलिंडर लावल्याची तारीख, प्रवासाच्या बॅगेत काय काय भरलं ते... सगळं वहीत असतं. बावन्न वर्षांत भूत काही त्या वहीत आलं नाही, त्यामुळे मी कधी त्याच्या वाटेला गेले नाही. या सदरातले अनुभव वाचते, पण निम्म्यात ‘ही बाई त्या दिवशी उपाशी असेल’ असं म्हणून पान उलटते. तेव्हा माझं हे वाचताना कुणी तसंच म्हणालं तर माझी हरकत नाही. फक्त एवढं सांगते, त्या दिवशी मी पोटभर नाश्ता केला होता आणि सकाळचे साडेअकरा वाजले होते.

आधी जागा सांगते. साकोलीत हायवेवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत कवेलूंचं, म्हणजे कौलारू, एक लांबट घर आहे. मालकाने मध्ये भिंती घालून त्याचे तीन गाळे केलेत. पहिल्यात शिलाईचं दुकान, मधल्यात आमच्या छोट्या संस्थेची खोली आणि तिसऱ्यात गजूभाऊंचं ऑनलाइन सेंटर. तिथे झेरॉक्स, सातबारा, धानविक्रीची नोंदणी असली कामं चालतात. आमच्या खोलीत एक टॅब, एक टेबल, दोन खुर्च्या. गावाकडच्या बायकांना नागपूरच्या वकीलबाईंशी किंवा समुपदेशकांशी व्हिडिओ कॉलवर बोलता यावं म्हणून ही सोय. घरून का बोलत नाहीत, असं मला शहरातले लोक विचारतात. घरात एकच फोन, तोही नवऱ्याच्या खिशात, आणि बाई कोपऱ्यात जाऊन बोलायला लागली की सगळ्यांचे कान तिकडे. म्हणून आमच्याकडे येतात.

कॉलवर बाईची गोष्ट बाईपाशीच राहावी, यासाठी मी दाराच्या आतल्या बाजूला एक यादी चिकटवली होती. दर वेळी लिंक नवी. वकीलबाईंनी आत घेतल्याशिवाय तिसरं कुणी शिरणार नाही. बाईच्या मागे कोरी भिंत, कॅलेंडर नको, खिडकी नको. तरीही बॅकग्राउंड ब्लर चालू, म्हणजे माणूस तेवढा स्पष्ट आणि मागचं सगळं धुकं. कानात इअरफोन. खोलीत बाई एकटी, सोबत आलेली माणसं बाहेर. रेकॉर्डिंग कुणीही करायचं नाही. मी स्वतः बाहेर ओसरीत स्टूल टाकून दाराला पाठ लावून बसते. चार वर्षांत या यादीत चूक निघाली नव्हती, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

आता सुनीता. नाव बदललंय. अड्याळकडची समजा, तलावात मासेमारी करणाऱ्या घरातली सून. वय सव्वीस, दहावी झालेली, एक सहा वर्षांची मुलगी. नवऱ्याच्या मारामुळे ती मुलीला घेऊन निघाली, पण सासरच्यांनी एकदा मुलीला शाळेतूनच उचलून नेलं आणि चार दिवस आईला दाखवलं नाही. घरात सत्ता भासऱ्याची, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाची. नवरासुद्धा त्याला विचारून पाणी पिणारा. कशीबशी मुलगी परत मिळाल्यावर सुनीता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एका मावशीकडे जाऊन राहिली. ते गाव मी इथे लिहिणार नाही. मुलीला शाळेत घातलं होतं, तिथे पोर रुळली होती. पुन्हा पत्ता फुटला असता तर पुन्हा पोरगी उचलली गेली असती, आणि या वेळी चार दिवसांवर भागलं नसतं.

मुलीच्या ताब्याचा अर्ज करायचा होता. पत्ता बाहेर जाऊ नये अशी विनंती वकीलबाई कोर्टाला करणार होत्या, पण त्यांना स्वतःला तो माहीत असणं भाग होतं. त्या दिवशीचा कॉल त्यासाठीच.

मी सगळं तपासलं. खिडकी बंद, ब्लर चालू, इअरफोन लावलेले. बाहेर येऊन दार ओढलं, बसले. दहा-बारा मिनिटं झाली असतील, माझा मोबाइल वाजला. वकीलबाईच. मला वाटलं नेटवर्क गेलं.

“मॅडम, तुमचा नियम तुम्हीच मोडता का?” त्या म्हणाल्या. “सुनीताच्या शेजारी कोण बसवलंय?”

मी म्हटलं, कुणीच नाही, मी दारातच बसलेय.

“अहो, मला दिसतेय ना. म्हातारी बाई आहे. मी तिला दोनदा विचारलं, ती बोलत नाही. सुनीताला विचारलं तर ती म्हणते मी एकटीच आहो. तिने पत्ता सांगायला तोंड उघडलं आणि मी थांबवलं. आधी त्या बाईंना बाहेर काढा.”

मी दार उघडून आत गेले. सुनीता एकटी, भांबावलेली. “कोनी नाही ना मॅडम इथं,” ती म्हणाली. “त्या काहून असं बोलून राहिल्या?” मी टेबलाखालीसुद्धा बघितलं, हे लिहायला लाज वाटते, पण बघितलं. मग टॅबवर नजर गेली. कोपऱ्यात आपलं आपल्याला छोटं चित्र दिसतं ना, त्यात. मला कुणी म्हातारी दिसली नाही. पण सुनीताच्या मागची भिंत धुक्यासारखी होती आणि तिच्या डाव्या बाजूला, रिकाम्या खुर्चीपाशी, भिंतीचा एक तुकडा स्वच्छ दिसत होता. चुन्याचे पोपडे मोजता येतील इतका स्वच्छ. त्याचा आकार... बसलेल्या माणसाएवढा. डोकं, खांदे, मांडी.

माझा पहिला विचार, ॲप बिघडलं. वकीलबाईंना फोनवर तसं सांगितलंही. चित्रातला तो तुकडा बघता बघता बाकीच्या भिंतीसारखा धूसर झाला. त्याही म्हणाल्या, हं, आता नाही दिसत. मग म्हणाल्या, “एक सांगू का? ती सुनीताकडे बघतच नव्हती. माझ्याकडेही नाही. पूर्ण वेळ वर बघत होती. मान अशी मागे टाकून, भिंतीच्या वर.”

मी वर बघितलं. चार वर्षांत त्या खोलीत मी खिडकी बघितली होती, दार बघितलं होतं, कॅमेऱ्यात काय येतं ते बघितलं होतं. वर कधी बघितलं नव्हतं. गाळे पाडताना मालकाने मधल्या भिंती छपरापर्यंत नेल्याच नव्हत्या. आमच्या आणि गजूभाऊंच्या मध्ये वर हातभर जागा मोकळी होती, एका घराचं एकच छप्पर. आणि आम्ही गप्प झाल्यावर पलीकडून गजूभाऊंचा आवाज शेजारी बसल्यासारखा आला, “अंगठा पुसून लावा काका.”

इअरफोनमुळे वकीलबाईंचा आवाज बाहेर जात नव्हता, खरंय. पण कानात बोळे घातलेलं माणूस नेहमीपेक्षा मोठ्याने बोलतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

मी सुनीताला ओठांवर बोट ठेवून खुणावलं, दाराला बाहेरून कडी घातली आणि एक कागद घेऊन झेरॉक्सला गेले. गजूभाऊंकडे दोघं-तिघं कागद हातात धरून रांगेत होते. आणि एक जण बाकावर, आमच्या भिंतीला डोकं टेकून. हातात कागद नाही, मोबाइल नाही. गजूभाऊ मला हळूच म्हणाले, “हे भाऊ नऊ वाजल्यापासून आहेत. काय काम आहे विचारलं तर म्हणतात सांगतो.”

परत येऊन मी वहीच्या पानावर लिहिलं, कारण आता बोलण्यात अर्थ नव्हता: रुंद बांधा, उजव्या कानात बाळी, डाव्या भुवईवर जखमेची खूण. सुनीताने वाचलं. तिचा हात आपोआप पदराकडे गेला आणि पदर डोक्यावर आला, भिंत मध्ये असताना. मग तिने पेन घेऊन खाली एकच शब्द लिहिला. भासरे.

कुणीतरी तिला आधीच्या खेपेला साकोलीच्या स्टँडवर बघून त्याला कळवलं होतं, हे नंतर उघड झालं. तिने तो पत्ता उच्चारला असता तर संध्याकाळच्या आत तो शाळेच्या फाटकाशी उभा असता.

घाबरून उपयोग नव्हता. मी लिहिलं, ‘मी मोठ्याने विचारते, तू नागपूर सांग.’ मग खुर्ची ओढून, वर्गात विचारावं तसं विचारलं की बाई, सध्या राहतेस कुठे, वकीलबाईंना लिहून द्यायचंय.

भासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही अशा घरात तिची आठ वर्षं गेली होती. मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

“नागपूरलेच राहतो ना मॅडम मी आता. रेल्वे स्टेशनापाशी. खोली केली तिथं.” आवाज आधी कापरा होता, मग चढला. “एवढं मोठं नागपूर. आता कोनाच्या बापाले सापडत नाही मी.”

तिचं तिलाच हसू आलं आणि तिने तोंडात पदर कोंबला.

पलीकडे बाक करकरला. गजूभाऊ म्हणाले, “काहो भाऊ, तुमचं काम राहिलं ना.” मी ओसरीत येऊन बघितलं, माणूस हायवेकडे चालला होता, भराभर. आम्ही अर्धा तास थांबलो. मग शिलाईच्या दुकानातून मागच्या दाराने तिला काढून मी स्वतः तिच्या गाडीत बसवून आले. पत्ता वकीलबाईंना बंद पाकिटात पाठवला, रजिस्टर पोस्टाने. त्याच आठवड्यात मालकाच्या मागे लागून दोन्ही भिंती छपरापर्यंत बांधून घेतल्या.

त्यानंतर मी स्पष्टीकरणं शोधली. ब्लर कधी कधी खुर्चीला माणूस समजतं, हे मला आमच्या टॅब दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं. पटलं. पण खुर्चीला नजर नसते. वकीलबाईंना आधीच्या कुठल्या कॉलमधली बाई दिसली असेल? त्यांचा तो दिवसातला पहिला कॉल होता. त्या थकल्या असतील? मी त्यांना विचारलं, त्या चिडल्या. रेकॉर्डिंग असतं तर सगळं एका मिनिटात मिटलं असतं. पण रेकॉर्डिंग करायचं नाही, हा माझाच नियम, आणि तो मी आजही बदलणार नाही.

फोनवर मी वकीलबाईंकडून वर्णन मात्र नीट घेतलं होतं, सवयीने. हिरवं लुगडं. एक गुडघा वर घेऊन बसलेली. उजव्या मनगटाला चिंधी घट्ट गुंडाळलेली, दुखापत झाल्यासारखी. हे मी सुनीताला सांगितलं नाही. तिला तेवढ्याच चिंता पुष्कळ होत्या.

सात महिन्यांनी मुलीचा ताबा तिला मिळाला, तेव्हा ती मुलीला घेऊन भेटायला आली. मुलगी ओसरीत स्टुलावर चढ-उतर करत होती. चहा पिता पिता मी ते वर्णन सांगून टाकलं, थोडं हसतच, की बाबा असं असं तुमच्या वकीलबाईंना दिसलं होतं.

सुनीताने कप खाली ठेवला. मला वाटलं आई आठवली असेल. तिची आई ती लहान असतानाच गेलेली.

“माय नव्हे,” ती म्हणाली. “सासू होय.”

मी विचारलं, कशावरून.

“मनगटाची चिंधी. तीस वर्षं बाजारात पावशीवर मासे कापले तिनं. हात दुखे, म्हणून बांधून ठेवे. माझ्या लग्नानंतर तीन वर्षांनी गेली.”

पावशी म्हणजे विळी, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं. मग मी विचारलं, फार जीव होता का तिचा तुझ्यावर?

“नाही ना मॅडम. मले मारत तवा ती चुलीपाशी बसून राहे. एक शब्द नाही बोलली कधी. मोठ्या पोराले तीबी भे.” सुनीता भिंतीकडे बघत होती, आता पार कवेलूंपर्यंत गेलेल्या. “त्या दिवशीबी बोलली नाहीच म्हणा.”

हे असं आहे. मी विश्वास ठेवते असं म्हणणार नाही. सुनीताला त्या वर्णनात जे बघायचं होतं ते तिने बघितलं असेल. पण मी ते वर्णन सात महिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि वकीलबाई अड्याळच्या बाजारात कधी गेलेल्या नाहीत.

प्रत्येक कॉलनंतर मी रजिस्टर भरते. तारीख, वेळ, कुणाशी बोलणं झालं आणि शेवटच्या रकान्यात ‘खोलीत हजर व्यक्ती’. तिथे नेहमी एकचा आकडा. त्या दिवसाच्या ओळीत बाकी सगळं भरलंय. तो एक रकाना मी अजून कोरा ठेवलाय.